नीनाचा रशियन जबाब

लिहून देणार : बबन धोंडिबा शेडगे, धंदा अर्जलेखन, शिक्षण दहावी (इंग्रजी व गणित वगळून), राहणार भरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

जिच्या बाबतीत : कुमारी नीना वानखेडे, त्या वेळी वय अठरा पूर्ण, आमच्या घरातील भाडेकरूंची कन्या.

घटनेचा दिवस : मी दहावीला दुसऱ्यांदा बसून रिकाम्या हाताने परत आलो, त्या वर्षीच्या भादवी पोळ्यानंतरचा पहिला सोमवार.

घटनेचे ठिकाण : पुणे शहरातील एका भाषावर्गाची दुसऱ्या मजल्यावरील खोली.

साक्षीदार : पहिल्या, नीनाची आई गालिना वानखेडे. दुसरा, त्या वर्गातील विद्यार्थी मकरंद. तिसरा मी स्वतः. चौथी साक्षीदार काचेची बरणी असून ती आमच्या माळ्यावर सुस्थितीत आहे व समक्ष पाहता येईल.

आयुष्यभर मी कागद याच रीतीने सुरू करत आलो, सबब माझ्या आयुष्याचा कागदही याच रीतीने सुरू करतो. पौडला कचेरीच्या फाटकाबाहेर माझे टेबल आहे. वारसनोंदीपासून बांधावरच्या भांडणापर्यंत तालुक्यातील असे एकही गाऱ्हाणे नसेल जे माझ्या हाताखालून गेले नाही. मोठमोठे शिकलेले वकील माझा मसुदा हातात घेऊन दोन वेळा वाचतात, हे मी बढाई म्हणून नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. परंतु हा हात पहिल्यांदा कोणत्या अर्जाने सुरू झाला, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. तो अर्ज जमिनीचा नव्हता, तो रशियन भाषेचा होता. हे सांगितले की लोक हसतात. हसून झाल्यावर त्यांनी पुढील मजकूर वाचावा.

आमचे घर भऱ्याच्या वरच्या आळीला. कारखाने आले तेव्हा रस्त्याकडेची एक पट्टी विकून माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या बांधल्या. त्या खोल्यांत पहिले आले ते वानखेडे साहेब. मूळचे अमरावतीकडचे, पिरंगुटच्या एका कारखान्यात इंजिनीअर. तरुणपणी शिष्यवृत्तीवर रशियात पाच वर्षे शिकून ते दोन गोष्टी घेऊन परतले होते, एक पदवी आणि दुसरी गालिना. या बाई तिकडे पावाच्या कारखान्यात कामाला होत्या. गावाने त्यांना आठ दिवसांत गालावहिनी करून टाकले आणि वर्षभरात त्यांनी गावाची भाषा अशी उचलली की पुण्याचे पाहुणे आले म्हणजे दचकत. गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या त्या बाई ओट्यावरून हाक देत, "बबन्या, म्हशीला पानी दावलंस का न्हाई रं? का निस्ताच हिंडतुयास?" नीना मात्र इथेच जन्मली, आमच्याच अंगणात रांगली, माझ्याच वर्गात बसली. फरक इतकाच की ती उत्तीर्ण होत गेली.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटे चुलीवर आमच्या आईच्या भाकरीची थाप, आणि भिंतीपलीकडे गालावहिनींचे रशियन. त्या एका दमात बोलत, जणू उतारावरून हंडा गडगडत यावा. नीना मध्येच आमच्या मुळशीच्या बोलीत उत्तर देई, मध्येच तिकडच्या बोलीत, आणि दोघींपैकी कोणालाही ही अदलाबदल जाणवत नसे. आणि वास म्हणाल तर शेपूचा. आपल्याकडे शेपूची भाजी म्हटली की निम्मे घर नाक धरते. गालावहिनी शेपू बटाट्यावर घालत, दह्यात घालत, आमटीत घालत. पण शेपूचा खरा मान काकडीच्या बरणीला. कोवळ्या काकड्या, मीठ, पाणी, लसूण आणि शेपूचे तुरे. तीन दिवसांत ते पाणी फसफसू लागे. आमची आई पहिल्या वर्षी ती बरणी नासली म्हणून उकिरड्यावर ओतायला निघाली होती, तेव्हा गालावहिनींनी तिचा हात धरला होता. पुढे आईच त्या काकड्या चोरून खाऊ लागली, हे मी आज ती हयात नसताना धाडसाने लिहितो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या दोन खोल्यांत तीन प्रकारचे रशियन नांदत होते. गालावहिनींचे रशियन अंगातले, श्वासासारखे. वानखेडे साहेबांचे रशियन शिकलेले, वहीतले. त्यांना सगळ्या विभक्त्या क्रमाने पाठ होत्या, यंत्राच्या प्रत्येक खिळ्याचे नाव येत होते, पण बोट चेपले की तोंडातून वऱ्हाडीच निघे. आणि नीनाचे रशियन या दोन्हींत न बसणारे. साहेब ओट्यावर बसून मला सांगत, "बबन, मले नियम येतात सगळे, हिले एक नाही येत. पण बोलताना चुकतो मीच. आता बोल." नीनाला विचारले की हे असेच का म्हणायचे, तर ती खांदे उडवून म्हणे, "आई म्हनती म्हनून." शिकून आलेला माणूस जिन्याच्या पायऱ्या मोजत चढतो, त्याला पायऱ्यांचा आकडा विचारा, तो सांगेल. घरचे मूल त्याच जिन्यावरून दिवे गेले तरी धावत उतरते, पण किती पायऱ्या आहेत ते त्याने कधी मोजलेले नसते. ही माझी उपमा आहे आणि मी ती कोणाकडून घेतलेली नाही. परंतु घरच्या मुलाला माळ्यावरच्या खोल्या ठाऊक नसतात, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. नीनाला रशियनमध्ये स्वयंपाकघर येत होते, ताप, रुसवा, झोप, कोंबड्या आणि शिव्या येत होत्या. बँक, निवडणूक, व्याख्यान हे शब्द तिला ठाऊक नव्हते. अक्षर तर एकही नाही. गालावहिनींचे म्हणणे असे की हितं वाचायला पुस्तक कुठंय, अक्षरं शिकून भिंतीवर लिवायची का?

त्या वर्षी साहेबांच्या कारखान्यातील त्यांचा विभाग बंद होणार असे कळले. दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून अमरावतीला भावाकडे जायचे, असे साहेबांनी ठरवले. गालावहिनी फक्त एकदा आमच्या आईजवळ म्हणाल्या, "ही माजी दुसरी भुई हाय, वैनी. तिसरी नको वाटती." तेवढ्यात घोटावड्याच्या बाजूला एका कारखान्यात रशियन यंत्रे यायची, ती बसवायला तिकडची माणसे यायची आणि वर्ष-दोन वर्षांसाठी दुभाषी नेमायचा, अशी बातमी आली. पगार असा की एका माणसाच्या जिवावर बिऱ्हाड भऱ्यात राहू शकेल. अटी दोन. वय तिशीच्या आत, आणि पुण्याच्या भाषावर्गाचे दुसऱ्या वर्षाचे प्रमाणपत्र. पहिल्या अटीने नवरा-बायको बाहेर गेले. राहिली नीना. वर्गात न बसता थेट परीक्षा देता येते असे समजल्यावर सगळ्या आळीने तिची नेमणूक झाली असेच धरून पेढ्यांचा विषय काढला. मीही त्यात होतो.

ती परीक्षेहून संध्याकाळी परत आली तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर होतो. ती चपला काढून सरळ आप्पांच्या शेजारी बसली.

"नापास," ती म्हणाली.

"कशी काय?" साहेबांनी विचारले.

"पयलं बाई म्हनल्या, स्वतःची ओळख करून दे. त्या उभ्या हुत्या. मी म्हनलं, बस की, उभी कशापायी? कायतरी खाल्लंस का?"

"बाईंना?"

"मग कुनाला? आई समद्यांना असंच म्हनती."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अवं, तिथं आपण बसावं म्हणा लागते. मोठ्या माणसाले आपण."

"मला कुटं म्हाईत? मी आपण कुनाला म्हनू? आईला?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. रशियन भाषेत आदर द्यायला त्या मुलीकडे माणूसच नव्हता. तिचे सगळे रशियन एका आईपुरते होते, आणि आईला कोण आपण म्हणतो?

"मग लेखी," नीना पुढे सांगू लागली. "कागदावर एक अक्षर वळकीचं न्हाई. माज्या शेजारी मकरंद म्हनून पोरगं हुतं, वर्गात पयलं येतं म्हनं. बाईंनी त्योच कागद त्याला मोठ्यानं वाचाया सांगितला, तवा मला समदं कळलं. पावाच्या दुकानातली रांग हुती त्यात. रांगंत काय बोलत्यात मला पाठ हाय, पन लिवनार कसं? बाई म्हनल्या, तू पहिल्या वर्गात बस, नवीन मुलांबरोबर. दोन वर्सं."

दिवाळीला जेमतेम महिना उरला होता. गालावहिनी आत निघून गेल्या आणि भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येऊ लागला.

तेव्हा आप्पा बोलले. इथे आप्पांची एक हकीकत सांगणे आवश्यक आहे. आप्पांना अक्षरओळख नव्हती. मी लहान असताना बांधावरच्या आंब्यावरून शेजाऱ्याशी वाद झाला आणि आप्पांचा जबाब घेतला गेला. लिहिणाऱ्या माणसाने रीतीप्रमाणे आप्पांचे बोलणे लिहून घेतले, मग रीतीप्रमाणे वाचून दाखवले, "सदरहू झाड माझ्या मालकीचे आहे." आप्पा म्हणाले, "मी असं कवा म्हनलो? झाड माज्या आईनं लावलंय, असं म्हनलो." तो म्हणाला, अर्थ एकच. आप्पा म्हणाले, "एकच हाय तर माजंच लिवा की." आणि आईने लावलेले झाड कागदावर आल्याशिवाय त्यांनी अंगठा शाईला टेकवू दिला नाही. कोपऱ्यात उभा राहून मी हे पाहिले होते. लिहिता न येणाऱ्या माणसाचा शब्द दुसऱ्याच्या हाताने लिहिला जातो, त्याला वाचून दाखवला जातो, त्याने होय म्हटले की अंगठ्याने पक्का होतो. कोणीही त्याला विचारत नाही की बाबा, तुला लिहिता येत नाही, तर मग तुला मराठी तरी येते का?

तर आप्पा त्या संध्याकाळी तंबाखू मळत सहज म्हणाले, "मंजी पोरगी आमच्यावानीच निगाली की. बोलायला वाघ, लिवायला अंगठा. मग लावू द्या की तिला बी अंगठा."

सगळे हसले, नीनासुद्धा. मी हसलो नाही. मी उठून उभा राहिलो. दोनदा नापास झालेल्या माझ्या डोक्यात त्या क्षणी सगळा मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उभा होता. मी शाळेची जुनी वही फाडली आणि दिव्याखाली लिहायला बसलो. विषय, रशियन भाषेची परीक्षा जबाबाच्या रीतीने घेणेबाबत. अर्जदार मुलीची ही भाषा जन्मापासूनची असून तिला केवळ अक्षरे येत नाहीत. सबब तिने तोंडी सांगावे, अक्षर येणाऱ्या त्रयस्थ इसमाने लिहावे, लिहिलेले तिला वाचून दाखवावे, आणि तिने मान्य केल्यावर डाव्या हाताचा अंगठा घेण्यात यावा. या तालुक्यात याच रीतीने जमिनी इकडच्या तिकडे होतात, तर एका भाषेस हरकत नसावी. हे शेवटचे वाक्य आजही मला बदलावेसे वाटत नाही.

अर्ज घेऊन मी आणि नीना दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. वर्गाच्या बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, बोलणे कोरीव. अर्ज वाचताना त्यांच्या ओठांच्या कडा हलत होत्या, पण शेवटी आल्यावर त्या हलायच्या थांबल्या.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही काय करता?"

"अर्ज लिहितो," मी म्हणालो. तो माझा पहिला अर्ज होता, परंतु उत्तर खोटे ठरले नाही, हे पुढील आयुष्याने सिद्ध केले.

बाई म्हणाल्या, "प्रयोग म्हणून सोमवारी या. लिहील मकरंद."

सोमवारी गावच्या दूध सोसायटीतून शाईचा पॅड मागून घेतला. गालावहिनी धुतलेले पातळ नेसून निघाल्या, मांडीवर काकडीची बरणी. मोकळ्या हाताने परक्या घरी कसे जायचे, हा त्यांचा प्रश्न होता. एसटीत सगळ्यांनी खिडक्या उघडल्या.

खोलीत बाई टेबलामागे, मकरंद कागद सरसावून, नीना समोर, मी दाराशी पॅड धरून. गालावहिनी बरणी टेबलावर ठेवून बाहेर बाकावर. बाईंनी टेबलावरच्या बरणीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हेच सांग. हे कसं करतात."

नीना बोलू लागली. मी ते रशियन भिंतीपलीकडून अठरा वर्षे ऐकलेले होते. मला बोलता येत नसे, पण कुठे काय चालले आहे ते कळे. तिच्या तोंडून तोच हंडा उतारावरून गडगडत निघाला. मकरंदचे पेन आधी पळाले, मग अडखळले, मग थांबले.

"जरा सावकाश," तो म्हणाला. "एकेक शब्द सांग."

नीनाने प्रयत्न केला आणि ती पहिल्यांदाच चुकू लागली. "सावकाश मला येत न्हाई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आई सावकाश बोलतच न्हाई."

कसेबसे पान भरले. बाईंनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा खुलला. "सुरेख. यात मला एक चूक सापडत नाही. एवढं लेखी असेल तर मी नियमांचं काही तरी बघते. उत्तीर्ण म्हणायला हरकत नाही."

मी इथे गप्प बसायला हवे होते. नोकरी, बिऱ्हाड, गालावहिनींची दुसरी भुई, सगळे त्या एका शब्दात आले होते. परंतु रीत म्हणजे रीत. मी म्हणालो, "बाई, वाचून दाखवायचं राहिलं."

मकरंदने वाचून दाखवले. स्पष्ट, शुद्ध, बातम्या दिल्यासारखे. नीना ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. मी पॅड पुढे केला. तिने अंगठा मुठीत मिटला.

"ह्ये माजं न्हाई."

"म्हणजे?" बाईंनी विचारले.

"मी म्हनलं, मीठ आईच्या मुठीनं घालायचं, माज्या न्हाई, माजी मूठ बारकी हाय. ह्यो म्हनतोय आवश्यकतेनुसार मीठ. मी म्हनलं, तिसऱ्या दिशी बरणी कुरकुर कराया लागती, मग आई तिच्यावर हात ठेवती आन् म्हनती, गप बस गं, पाव्हनं येतील तवा बोल. ते कुटं गेलं?"

"पण मी चुकीचं काहीच लिहिलं नाही," मकरंद खरेच गोंधळून म्हणाला. "बरणीशी बोलणं हे कृतीत येत नाही ना. परीक्षेत असं लिहीत नाहीत."

"चुकीचं न्हाई रे. लई चांगलं हाय. पन ही बरणी कुनाची बी असंल. आमची न्हाई."

मी वाकून तिच्या कानाशी म्हणालो, "लाव की गं. पास करत्यात त्या."

"तू गप," ती मोठ्याने म्हणाली. "तुज्या आप्पांनी लावला हुता का?"

बाईंनी चष्मा काढला, साखळीवर सोडला आणि बरणीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मकरंद, दुसरा कागद घे. या वेळी काहीही सुधारू नकोस."

तो दुसरा कागद होण्यास दीड तास लागला आणि तसा दीड तास माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. मकरंद अडला की नीना तेच वाक्य पुन्हा तसेच्या तसे, त्याच वेगाने म्हणे. त्याला तिसऱ्यांदा ते पकडता येई आणि पकडले की तो स्वतःच खुश होई. काही शब्द त्याच्या शब्दकोशात नव्हते. काकडी, पाणी, पाव, सगळ्यांना गालावहिनींची लाडाची, बारकी नावे होती. एका शब्दापाशी बाईही अडल्या. तेव्हा बाकावरून गालावहिनी दारात आल्या आणि तो शब्द हाताने करून दाखवला, बरणीच्या तोंडावर फडके बांधून त्याला चापट मारतात तसा. बाई हसून म्हणाल्या, "अठरा वर्षं मी ही भाषा शिकवते आहे. बरणीला गप बस म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही." मग त्यांनी गालावहिनींना खुर्ची दिली, आणि त्यांच्याशी बोलताना त्यांचे कोरीव रशियन घाबरत, जपून, पहिल्यांदा पोहायला उतरल्यासारखे पाण्यात पाय टाकू लागले. गालावहिनींनी पहिल्या वाक्यालाच विचारले की तू काही खाल्लंस का. या वेळी बाईंना राग आला नाही.

मकरंदने दुसरा कागद वाचून दाखवला. मूठ आली, कुरकुर आली. बरणीला गप बस म्हटले तिथे गालावहिनी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आले. "अगं बया," त्या मराठीत म्हणाल्या, "माजं बोलनं कागदावर बसलं की गं." नीना मात्र हसत नव्हती. ती कागदावर वाकली होती.

"ह्यात बरणी कुटं हाय?" तिने मकरंदला विचारले.

त्याने बोट ठेवले. तिने त्या अक्षरांकडे पाहिले, जसे आपण जत्रेत ओळखीच्या माणसाकडे बघतो, हाक मारावी की नाही अशा संशयाने. मग तिचे बोट एकटेच खाली सरकू लागले. दोन ओळी, तीन ओळी. थांबले.

"आन् ही बी बरणीच न्हवं का?"

ती बरणीच होती. त्यानंतर तिने खाली आणखी दोन शोधल्या, मग कोणाला न विचारता मीठ शोधले, आणि मग आई. मग ती माझ्याकडे वळली आणि डावा अंगठा पुढे केला. मी तो स्वतःच्या हाताने शाईवर टेकवला. पुढे हजारो अंगठे टेकवले, परंतु वाचायला शिकल्यानंतर पाच मिनिटांनी अंगठा लावणारी व्यक्ती दुसरी भेटली नाही.

बाईंनी सांगितले ते असे. अंगठ्यावर प्रमाणपत्र देता येत नाही, नियमात बसत नाही. परंतु दिवाळीआधी लेखी परीक्षा आणखी एकदा आहे. तोवर नीनाने पहिल्या नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसावे. मकरंदने तिला अक्षरे दाखवावी, तिने मकरंदचा कान तयार करावा. माझा अर्ज व अंगठ्याचा जबाब त्यांनी फाइलला लावला आणि म्हणाल्या, "याचं उत्तर रीतसर कळवू."

नीनाने अक्षरे अकरा दिवसांत घेतली, कारण प्रत्येक अक्षर आले की त्याचे शब्द आधीच घरात जेवायला बसलेले होते. ती परीक्षा काठावर उत्तीर्ण झाली. तिच्या चुका अशा होत्या की शिकून आलेला कोणी तशा करणार नाही. जसे कानाला येते तसे ती लिही, तीन शब्द एका दोरीत. मकरंद प्रथम आला. पण पुढे घोटावड्याला तिकडची माणसे आली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या म्होरक्याला नीनाने रीतसर आपण बसावे असे म्हटले, आणि लगेच न राहवून विचारले की काही खाल्लंस का. तो माणूस म्हणे होता तिथेच एका पालथ्या घमेल्यावर बसला. बिऱ्हाड भऱ्यातच राहिले. वानखेडे साहेब आणि गालावहिनी दोघेही याच भुईत संपले.

आज नीना हिंजवडीला राहते. टॉवरांमध्ये अशी बरीच घरे आहेत जिथे आई तिकडची, बाप इकडचा, कंपनीच्या गाडीने जाणारा. ती मुले आईचे सगळे समजतात आणि उत्तर हिंदीत नाहीतर इंग्रजीत देतात. दर शनिवारी नीना त्यांना स्वतःच्या बैठकीत बसवते आणि पहिला धडा म्हणून काकडीची बरणी समोर ठेवते. मागील महिन्यात त्यातील एका मुलीला त्याच भाषावर्गाने छापील अर्ज भरायला दिला. त्यात भाषेपुढे दोनच रकाने होते, मातृभाषा आणि शिकलेली भाषा. पहिल्यात खूण केली तर म्हणतात, निबंध लिहून दाखव. दुसऱ्यात केली तर म्हणतात, आरंभापासून बस. ती मुलगी पेन हातात धरून रडत घरी आली, आणि नीनाने मला फोन केला. "बबन्या," ती म्हणाली, "तुज्या त्या अर्जाला उत्तर आलंच न्हाई न्हवं?"

आलेले नाही, हे मी तपासून सांगतो. पुण्याच्या वाऱ्या मी मोजलेल्या नाहीत, परंतु प्रत्येक वेळी मी त्या जिन्यावर चढलो आहे. त्या बाई केव्हाच निवृत्त झाल्या. त्यांच्या विरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही. नीनाच्या नावापुढे रजिस्टरात परकी भाषा म्हणून शिकलेली विद्यार्थिनी अशी नोंद आहे, आणि तिचा तो अंगठा कुठेही नोंदलेला नाही.

तरी भाषावर्गाच्या सध्याच्या मेहेरबान प्रमुखांस विनंती की, फाइलमधील सदरहू जबाब काढून तो मोठ्याने वाचावा, शक्यतो बरणी समोर ठेवून. वाचून झाल्यावर आपल्या छापील अर्जात तिसरा रकाना घालावा, ज्यांना भाषा घरातून मिळाली व अक्षरे मागाहून मिळाली किंवा अद्याप मिळायची आहेत अशांसाठी. त्या रकान्याला काय नाव द्यावे हे आपण ठरवावे, ते आमचे काम नव्हे. आणि शनिवारच्या त्या मुलीला तिच्या रकान्यात घ्यावे, कारण तिच्या आईचीही मूठ आहे. उत्तर भऱ्याच्या पत्त्यावर पाठवावे. ते रशियनमध्ये आले तरी हरकत नाही. आमच्याकडे आता वाचून दाखवणारी आहे.